फुंकर, थापट, टॉवेल

१९९३ च्या मे महिन्यात एक बाई मुलाला घेऊन दुकानात आल्या. पिशवीतून त्यांनी एक राखाडी प्लॅस्टिकचा चपटा डबा काढला, त्याला दोन वायरी, वायरींना दोन रिमोट आणि वर खोचलेली पिवळी कॅसेट. टीव्ही गेम मी तोवर पाहिला होता, उघडला नव्हता. "चालतंय चालतंय आणि मधेच वेडंवाकडं होतंय," बाई म्हणाल्या. मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला तसा पोरगा पुढे सरसावला. "काका, उघडू नका, मी दाखवतो." त्याने कॅसेट उपसली, माउथ ऑर्गन धरावा तशी ओठांशी धरली, डावीकडून उजवीकडे एक लांब फुंकर मारली, परत खोचली आणि बटण दाबलं. मारिओ आला.

"मग इथं आणलास कशाला?" मी विचारलं.

"आईला वाटतं बिघडलाय."

पाच मिनिटांनी तो खरोखरच बिघडला. आईचं बरोबर होतं.

सांगलीत गणपती पेठेजवळच्या एका बोळात माझं दुकान आहे. आयटीआयचा रेडिओ-टीव्हीचा कोर्स करून मी ते टाकलं १९८७ मध्ये, म्हणजे दूरदर्शनवर रामायण सुरू झालं त्याच वर्षी. धंद्याला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळाला नसता. रविवारी सकाळी कुणाचा टीव्ही बंद पडला तर माणसं आजारी मूल आणावं तशी टीव्ही उचलून आणत. त्यातले निम्मे टीव्ही घरी थापट खाऊन आलेले असत. थापट मारली की चित्र यायचं, म्हणून लोकांचा थापटीवर विश्वास. खरी गोष्ट अशी की प्लेटवरचा एखादा डाग सुटलेला असायचा. आम्ही त्याला ड्राय सोल्डर म्हणतो. वरून कथील छान गोल दिसतं, पण आतला पाय त्यात सैल असतो. हादरा बसला की तो टेकतो आणि करंट पुढे जातो. म्हणजे थापटीचा उपाय अगदीच खोटा नव्हता, फक्त त्याने काहीच दुरुस्त होत नव्हतं. त्या पोराची फुंकर पाहून मला पहिल्यांदा थापटच आठवली.

त्या डब्याचा मूळ पुरुष जपानचा. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम बाजारात आणला, किंमत १४,८०० येन. तो घडवला मासायुकी उएमुरा या इंजिनिअरने. दुरुस्तीच्या माणसाला या कहाणीतला सुरुवातीचा भाग जास्त आवडतो: पहिल्या यंत्रांतल्या एका सदोष चिपमुळे खेळ मधेच अडकायला लागले, आणि अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी विकलेली यंत्रं परत मागवून त्यांच्या आतले बोर्डच बदलून दिले. ऐन विक्रीच्या दिवसांत. टीव्ही गेमचा एवढा मोठा धंदा उभा राहिला, त्याची सुरुवात अशी दुरुस्तीच्या टेबलावर झाली.

अमेरिकेत मात्र हेच यंत्र वेगळ्या वेषात गेलं. तिकडे १९८३ मध्ये व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता आणि दुकानदार हा माल ठेवायला तयार नव्हते. म्हणून १९८५ मध्ये निन्टेन्डोने यंत्राला खेळण्याऐवजी व्हीसीआरचं रूप दिलं. कॅसेट वरून खोचायची नाही, पुढच्या झाकणातून आत सरकवायची आणि खाली दाबायची. रूप देखणं, पण आतल्या ७२ पिनांच्या सॉकेटला हे रोजचं सरकवणं-दाबणं सोसेना. पिना वाकत, सैल होत. त्यात कंपनीने एक कुलूप बसवलं होतं. यंत्रात एक चिप, कॅसेटमध्ये तिची जोडीदार, आणि दोघींचं आतल्या आत बोलणं चालू राहिलं तरच खेळ सुरू होणार. पिन सैल झाली की बोलणं तुटे, कुलपाला वाटे कॅसेट नकली आहे, आणि ते दर सेकंदाला यंत्र नव्याने सुरू करत बसे. समोरचा लाल दिवा लुकलुकत राही. अमेरिकेतल्या पोरांनी त्या दिव्यापुढे फुंकरी मारमारून जीव दमवला. दिवा दोष दाखवतोय असं त्यांना वाटे, पण तो दाखवत होता संशय.

आपल्याकडे तो दिवा कुणी पाहिलाच नाही. आपल्याकडे आलेले बहुतेक डबे जपानी फॅमिकॉमच्या नकलेचे होते, तैवानमध्ये बनलेल्या नकली चिपांवर चालणारे. मूळ फॅमिकॉमला कुलूप नव्हतं, म्हणून तर त्याची नक्कल इतकी सोपी झाली. मुंबईच्या मनीष मार्केटमधून, कुणाच्या आखातातल्या मामाच्या बॅगेतून, पुढे पुढे तर आमच्या पेठेतल्या खेळण्यांच्या दुकानातूनही ते मिळू लागले. कुणाकडे मीडिया, कुणाकडे लिटल मास्टर, बऱ्याच डब्यांवर तर नावच नसे. सॉकेट ६० पिनांचं, कॅसेट वरून खोचायची. कुलूप नसल्यामुळे पिन सुटली तरी यंत्र थांबत नसे. ते जमेल तसं चालत राही, आणि तिथेच माझ्यासारख्याला वाचायला काहीतरी मिळे.

या कॅसेटमध्ये दोन संसार असतात, एक खेळाच्या नियमांचा आणि दुसरा चित्रांचा. दोघांच्या पिना वेगळ्या. नियमांच्या बाजूची एखादी पिन टेकली नाही तर पडदा नुसता राखाडी किंवा एका रंगाचा, खेळ जागचा हलत नाही. चित्रांच्या बाजूची टेकली नाही तर गंमत होते: गाणं नीट वाजतं, उडी मारल्याचा आवाज येतो, पण मारिओच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि विटांचा चुरा धावत असतो. त्या बाईंच्या डब्याचं हेच झालं होतं. मला हे कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. एकेका पिनेवर सेलोटेपची बारीक पट्टी चिकटवून काय बिघडतं ते मी वहीत लिहून ठेवलं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी जेवायला हाका मारून मारून माणसं दमली.

आता फुंकरीबद्दल. ती लागू का पडते? धूळ उडते म्हणून, असं पोरं सांगत. धूळ थोडी उडतही असेल. पण खरं काम फुंकर करतच नाही. ते होतं कॅसेट काढून परत खोचल्यामुळे. दुसऱ्यांदा खोचताना पिना जराशा वेगळ्या जागी टेकतात, जुना मळ खरवडला जातो, आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. मी कित्येक पोरांना सांगून पाहिलं, फुंकर न मारता नुसती काढ आणि घाल. चालायचं, तरी पोरांचा विश्वास बसायचा नाही. "काका, ह्यावेळी नशिबानं झालं." फुंकरीबरोबर तोंडाची वाफ जाते, तांब्याच्या पट्ट्यांवर बसते आणि महिन्या-दोन महिन्यांत त्या हिरवट पडतात. निन्टेन्डोनेही पुढे आपल्या ग्राहकांना फुंकू नका म्हणून बजावलं. जगभरच्या पोरांनी ते ऐकलं नाही, सांगलीच्या पोरांनी कशाला ऐकावं? माझा उपाय साधा होता. शाळेचा पांढरा खोडरबर पट्ट्यांवर हलक्या हाताने फिरवायचा, बुरा झटकायचा, मग कापसाच्या बोळ्याने स्पिरिट. घेत होतो पाच रुपये. एकदा एका आजोबांनी विचारलं, "खोडरबराचे पाच रुपये?" मी म्हटलं, खोडरबराचे नाहीत, कुठं खोडायचं त्याचे.

फुंकरीला न जुमानणारा आजार म्हणजे ७८०५. हा तीन पायांचा छोटा रेग्युलेटर. ॲडॅप्टरमधून येणाऱ्या नऊ व्होल्टांतले पाच तो चिपांना देतो आणि उरलेल्यांची उष्णता करतो. ती बाहेर जावी म्हणून त्याला ॲल्युमिनियमची पट्टी जोडलेली असते, पण स्वस्त डब्यांतली पट्टी नखाएवढी. त्यात मे महिन्याचं सांगलीचं ऊन आणि डब्यावर आजीने घातलेला क्रोशाचा रुमाल. दोन तास खेळलं की ७८०५ तापून चूप होई. बाजारातला दुसरा ॲडॅप्टर आणून लावणारे वेगळेच. काही डब्यांना पिनेच्या आत मायनस लागे, काहींना प्लस. उलटा लावला की एक बारीक वास येई. तो वास घेऊन डबा माझ्याकडे येई आणि मी झाकण उघडण्याआधीच दर सांगे. पुढे भारनियमन वाढलं, तसे वीज परत येतानाच्या झटक्याने मेलेले ॲडॅप्टर मी खोक्यात जमवायला लागलो. आमच्या मारिओला खेळ साठवता येत नव्हता. आठव्या दुनियेत पोचलेल्या पोराची वीज गेली की त्याचा आक्रोश गल्लीभर ऐकू यायचा.

एक दोष असाही होता की तो कुणी दुरुस्तीला आणलाच नाही, कारण तो कुणाला कळलाच नाही. जपानी टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवी, आपला पन्नास. खेळ चित्रांच्या तालावर चालतो. म्हणजे आपल्या नकली डब्यांत मारिओ एक षष्ठांशाने सावकाश धावत होता. आमच्या पिढीच्या कानातलं ते गाणंसुद्धा मुळापेक्षा संथ लयीतलं आहे. पुढे नातवाच्या मोबाइलवर खरं गाणं ऐकलं तेव्हा वाटलं, टेप जोरात फिरतेय.

प्लेस्टेशन आलं आणि कॅसेट गेली. डिसेंबर १९९४ मध्ये जपानात निघालेलं हे यंत्र आमच्याकडे दहाएक वर्षं कॉपी सीड्यांवर जगलं. पार्लरवाल्यांकडे तीन-तीन टीव्ही, तासावर पैसे आणि भिंतीला पाठ टेकून बसलेली पोरं. पहिल्यांदा अशा पार्लरमध्ये गेलो तेव्हा दोन यंत्रं उताणी घातलेली दिसली. चेष्टा वाटली. पण तो उपायही साऱ्या जगात चालत होता. सुरुवातीच्या मॉडेलांत लेन्सची गाडी प्लॅस्टिकच्या रुळांवर धावे, तिच्या शेजारीच पॉवर सप्लाय. उष्णतेने आणि झिजेने गाडी कलंडे, लेन्सचा नेम चुके, चित्र अडखळे. यंत्र उलटं केलं की गाडीचा भार दुसऱ्या बाजूला पडे आणि नेम पुन्हा लागे. फुंकरीपेक्षा या उपायाला मी जास्त गुण देईन. तो शोधणाऱ्याने निदान यंत्राच्या आत काय चाललंय याचा विचार केला होता.

प्लेस्टेशन २ ने माझं घर चालवलं. पडद्यावर डिस्क वाचता येत नसल्याचा संदेश आला की लोक थेट नवी लेन्स मागत. मी आधी विचारी, कुठली डिस्क चालत नाही? त्याचे काही खेळ सीडीवर यायचे, त्या सीड्यांचं पोट निळं. बाकीचे डीव्हीडीवर, त्यांचं पोट रुपेरी. दोन्हींसाठी आतला लेसर वेगवेगळा. निळ्या पोटाची चालते आणि रुपेरी चालत नाही, किंवा उलट, एवढं कळलं की निम्मं काम घरबसल्या झालं. मग झाकण उघडून लेन्स पुसायची. लेन्सची उंची ठरवणारा एक पांढरं दातेरी चाक असतं, त्याच्यावर आधी पेनने खूण करायची आणि मग एकेक दाता फिरवून बघायचं. खूण न करता चाक फिरवणारे हौशी लोक मला वर्षभर पुरत.

२००६ च्या सप्टेंबरात एक्सबॉक्स ३६० भारतात आला. जाहिरातीत अक्षयकुमार आणि युवराज सिंग. आमच्या गावात त्यातले मोजकेच आले, डॉक्टरांच्या आणि बिल्डरांच्या घरी. आणि वर्ष-दोन वर्षांत त्यातले बरेच माझ्या टेबलावर आले, सगळे एकाच खुणेने: पॉवर बटणाभोवतीच्या चार पाकळ्यांपैकी तीन लाल. मी असा आजार तोवर पाहिला नव्हता. एक कॉलेजचा मुलगा मला शिकवायला बसला. "काका, हे बटण दाबून धरा, आता ट्रेचं बटण दाबा. पहिला आकडा." चारही पाकळ्या लुकलुकल्या. चार म्हणजे शून्य. पुन्हा दाबलं, एक पाकळी. पुन्हा, चार. पुन्हा, दोन. शून्य-एक-शून्य-दोन. एवढं महाग यंत्र, शेजारी एवढा मोठा टीव्ही, आणि ते आपलं दुखणं सांगतंय अंधारातल्या टॉर्चसारखं, लुकलुकून! मला ते फार आवडलं. आकडा ग्राहकाला कळू नये म्हणून दडवलेला होता, पण दडवून का होईना, लिहिलेला होता.

शून्य-एक-शून्य-दोनचा अर्थ तेव्हा सगळे एकच लावत: चित्रांच्या मोठ्या चिपखालचे डाग सुटले. म्हणजे माझा जुना दोस्त, ड्राय सोल्डर. १ जुलै २००६ पासून युरोपने विजेच्या वस्तूंत शिसं वापरायला बंदी घातली आणि साऱ्या जगाचे कारखाने बिनशिशाच्या कथलाकडे वळले. ते जास्त तापमानाला वितळतं आणि शिशाच्या कथलाइतकं लवचिक नसतं. मला पटलं. मोबाइलवाल्यांसारखी हीट मारली की यंत्र चालू होई, म्हणून अजूनच पटलं. घरोघरची पोरं तर हीट गनही वापरत नव्हती. चालू यंत्राला टॉवेलात गुंडाळून ठेवायचं, आतल्या आत भाजू द्यायचं, मग थंड करून लावायचं. आठवडाभर चाले. आग लागायचा धोका सोडा, त्या भाजण्याने उरलेलं यंत्रही जाई. एका घरी मी गेलो तर ते आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. बाळंतिणीची खोली वाटली.

जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या तीन दिव्यांसाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापायी शंभर कोटी डॉलरहून जास्त खर्च मांडला. पण दोष नेमका कुठला ते उघड सांगायला कंपनीला २०२१ उजाडलं. आपल्याच इतिहासावर काढलेल्या माहितीपटात त्यांनी सांगितलं की तुटत होत्या त्या चिपच्या आतल्या जोडण्या, यंत्र चालू-बंद होताना तापून-निवून. चिपच्या आतल्या, बोर्डावरच्या नव्हेत. म्हणजे मी चिपखालचा डाग जोडतोय असं समजून जी हीट मारत होतो, ती आतल्या तुटलेल्या जोडणीला घटकाभर टेकवत होती. चौदा वर्षांनी मला कळलं की मी एक्सबॉक्सला नुसती थापट मारत होतो, आणि तिचे पैसे घेत होतो. काम टिकेल याची खात्री नाही, असं मी पावतीवर लिहून देत असे. तेवढीच एक बाजू.

आणखी एक फजिती सांगून टाकतो. २०१० ची धुळवड १ मार्चला होती. सकाळपासून प्लेस्टेशन ३ वाल्यांचे फोन. तारीख आपोआप १ जानेवारी २००० झाली, ऑनलाइन जाता येत नाही, काही खेळ उघडत नाहीत, पडद्यावर ८००१०५०एफ. एका मुलाने यंत्र आणूनच ठेवलं. हाताला रंग होता म्हणून मी ते त्या दिवशी उघडलं नाही. बोर्डावरचा घड्याळाचा सेल गेला असणार, उद्या बदलू, असं ठणकावून सांगितलं. २ मार्चला दुकान उघडून यंत्र लावलं, तर ठणठणीत. जगातल्या सगळ्या जुन्या मॉडेलांच्या आतल्या घड्याळाला वाटलं होतं की २०१० हे लीप वर्ष आहे आणि तो दिवस २९ फेब्रुवारी. ग्रिनिचची तारीख पालटली आणि आजार गेला. सोनीनेही लोकांना एवढंच सांगितलं होतं, यंत्र लावू नका, वाट बघा. पोरगा यंत्र न्यायला आला तेव्हा मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही न उघडल्यामुळंच वाचलं, काका."

आताच्या यंत्रांचे आकडे पडद्यावर येतात, स्वच्छ, ठळक. प्लेस्टेशन ४ वर सीई-३४८७८-० आला की खेळ मधेच बंद पडला असं समजायचं. ते तर समोर दिसतच असतं. का पडला ते आकडा सांगत नाही. अपडेट करा, खेळ पुन्हा घाला, सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करा, हा उपाय. काढा आणि परत खोचा, तेच की. आणि आत हात घालावा तर डिस्कचा ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांचं कारखान्यात लग्न लागलेलं असतं. दुसऱ्या यंत्रातला धडधाकट ड्राइव्ह आणून बसवला तरी बोर्ड त्याला ओळख देत नाही. त्या अमेरिकन डब्यातलं संशयी कुलूप आता घरभर फिरतंय. माझ्याकडे येतात ते पंख्यातली धूळ काढायला, तुटलेलं एचडीएमआय सॉकेट बदलायला आणि रिमोटवरच्या काड्या आपोआप सरकतात म्हणून.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर तीन आठवडे मी फक्त गाळ धुतला. मिक्सर, टीव्ही, सेट टॉप बॉक्स. त्यात गावभागातले एक गृहस्थ, चाळिशीचे, एक खोकं घेऊन आले. माळ्याखाली ठेवलेला त्यांचा जुना डबा, बंदूक आणि चार कॅसेटी, सगळं चिखलात. "होत नसेल तर राहू दे," म्हणाले, पण गेले नाहीत, उभे राहिले. कॅसेटी उघडल्या, नळाखाली धुतल्या, स्पिरिटने पुसल्या, साठच्या बल्बखाली दोन दिवस वाळवल्या. पट्ट्या पार हिरव्या, खोडरबर अर्धा संपला. चिपवर मात्र तो काळा डांबरासारखा थेंब असतो. स्वस्तात चिप झाकायची ती रीत, एरवी दुरुस्तीवाल्याच्या जिवावर उठलेली, पण पाणी आत शिरू देत नाही. चारांपैकी तीन चालल्या. डब्याला नवा ७८०५ घातला.

बंदूक त्यांच्या घरच्या एलईडी टीव्हीवर चालणार नव्हती. त्यात बिघाड काहीच नव्हता. बदकं टिपायच्या खेळात घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतला डोळा तो उजेड त्याच क्षणी शोधतो. जुन्या काचेच्या टीव्हीत उजेड ठरल्या वेळी येतो. नव्या टीव्हीत तो जरा उशिरा येतो, तोवर बंदुकीने नेम चुकल्याचं ठरवलेलं असतं. हे त्यांना सांगितलं आणि मागच्या फळीवरचा चौदा इंची टीव्ही काढून पुढे ठेवला. रविवारी ते मुलीला घेऊन आले. तिने बंदूक पडद्याला अगदी टेकवून धरली आणि एकही बदक सोडलं नाही. बाप म्हणाला, हे चीटिंग आहे. तो टीव्ही मी अजून विकलेला नाही. पिक्चर ट्यूब उतरली आहे, चालू केला की आधी नुसता लाल रंग येतो आणि बाकीचे यायला दोनेक मिनिटं लागतात.